पायावरची लाल माती

टेबलावरच्या लाल ढेकळावर पाणी सांडलं की त्याचा वास खोलीभर पसरतो आणि मी पातूरकडच्या त्या अर्धवट विहिरीच्या काठावर जाऊन उभा राहतो.

भूशास्त्र शिकून मी नुकताच भूजल खात्यात नोकरीला लागलो होतो. काळ्या खडकाखाली लाल पट्टा लागला, तसे विहीर खोदणारे गणपतकाका वर आले. "सायेब, हे लाल माती ढिली रायते. आंदी दगडानं बांधून घेऊ, मंग उतरतो मी."

मला हसू आलं. ज्वालामुखीच्या दोन उद्रेकांमध्ये शांत काळ जातो, त्यात ही माती तयार होते, असं मी त्यांना समजावलं. "साडेसहा कोटी वर्षं हलली नाही ती. तुम्ही एवढे घाबरता?" शेजारी त्यांचा जावई उभा होता. काका दोर धरून उतरले.

दुपारी लाल मातीची कड काकांच्या पायांवर घसरली. बाजेवर टाकून जीपकडे नेताना त्यांनी मला जवळ बोलावलं. "सायेब, किती कोटी म्हनत होते तुमी?"

मी आकडा सांगितला. त्यांच्या पायांवरून उपसलेल्या मातीतलं एक ढेकूळ नमुना म्हणून खिशात घातलं.

आता कॉलेजात शिकवताना ते मी वर्गात फिरवतो. मुलं आकडा लिहून घेतात.