तांदळाच्या डब्यातलं ड्रॅगन फ्रूट

ऑगस्टचा शेवटचा रविवार. शिरूर तालुक्यातलं माझं माहेर. हजर: आप्पा म्हणजे माझे वडील, आई, धाकटा भाऊ, भावजय आणि मी. गैरहजर: माझे यजमान, रेल्वेत ड्यूटीवर, दोन्ही भाचे, क्रिकेटला. काम एकच. दौंडला माझ्या गच्चीवर आलेलं ड्रॅगन फ्रूट कापायचं, खायचं आणि आप्पांनी हो किंवा नाही सांगायचं.

कशाला हो किंवा नाही, ते आधी सांगते. भाऊ कुरकुंभला एका केमिकल कंपनीत पाळीवर आहे. राहतो माझ्याकडे दौंडला, वरच्या खोलीत. बायको-मुलं गावी. सुट्टीला मोटरसायकलवर घरी जातो, अर्धा दिवस झोपतो, उरलेल्या अर्ध्यात मुलांशी बोलतो आणि परत येतो. त्याला नोकरी सोडून शेतीत परतायचं आहे. तेल्या रोगामुळे डाळिंबाची बाग काढावी लागली, तो तुकडा मोकळा पडलाय. तिथे त्याला ड्रॅगन फ्रूट लावायचंय. आप्पांना तिथे कांदा हवा. कांदा फसला तर पुढच्या हंगामाला दुसरं काही करता येतं, सिमेंटचे पोल एकदा गाडले की कोण उपटत बसणार, असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्यांनी अट घातली.

"आधी आपल्या हातानं एक फळ आण. मला रुचलं तर लाव. न्हाई तर पुन्हा नाव काढू नको."

रोप मात्र निवडुंगाच्या जातीचं. ते गावच्या अंगणात नको, दारात निवडुंग चालणार नाही, म्हणाले. म्हणून ते माझ्या गच्चीवर आलं.

लागवड सोपी होती. निळा प्लॅस्टिकचा ड्रम अर्धा कापला, तळाला भोकं पाडली. माती, शेणखत आणि भरपूर वाळू. मधोमध पोल, पोलच्या डोक्यावर स्कूटरचा जुना टायर, म्हणजे फांद्या त्यावरून खाली लोंबतात. पाणी घालायचं काम माझ्याकडे होतं, म्हणजे मुख्यतः न घालायचं. पहिल्या वर्षी नुसत्या फांद्या वाढल्या. यंदा फुलं आली. ती रात्री उमलतात आणि उन्हं चढली की मिटतात, त्यामुळे भाऊ दुसऱ्या पाळीहून आला की जेवायच्या आधी रंगाचा ब्रश घेऊन वर जायचा आणि पराग लावायचा. दोन फुलांनी फळ धरलं. एक समोर, जिन्यातून वर आलं की दिसणारं. दुसरं टायरच्या मागे, भिंतीच्या बाजूला.

त्या रविवारच्या आधीच्या बुधवारी आप्पा डोळे दाखवायला दौंडला आले. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. भाऊ पहिल्या पाळीला गेलेला. मी पोळ्या करत होते. आप्पा गच्चीवर फेरी मारून आले ते हातात फळ घेऊनच. अर्धं गुलाबी, अर्धं हिरवं.

"पाखरू बसलं हुतं. चोच मारायच्या आत काढलं."

"अहो आप्पा, ते अजून झालं नव्हतं."

"म्हणून तर म्हणतो, तांदूळ कुठं हाय?"

तांदळाचा डबा त्यांनी स्वतःच शोधला. फळ आत घातलं, वरून तांदूळ ओढले, झाकण दाबलं. "सीताफळाचं काय करतो आपण? डोळा उघडला की तोडायचं आन् घालायचं. रविवारी घिऊन या. मऊ हुतंय."

"भाऊ म्हणत होता की—"

"त्यो काय म्हणतोय मला ठावं हाय."

दुपारच्या एसटीने ते गेले. संध्याकाळी भाऊ आला, सवयीप्रमाणे आधी वर गेला आणि लगेच खाली आला.

"ताई, समोरचं फळ?"

मी डब्याकडे बोट दाखवलं. त्याने झाकण उघडलंसुद्धा नाही. "ते तोडल्यावर पिकत नाही. रंग येईल थोडा. गोडी जेवढी होती तेवढीच." मग खुर्चीत बसून बूट सोडत म्हणाला, "आता तेच आप्पांना खायला घालायचं आणि त्यांनी नाही म्हणायचं."

"त्यांना फोन करून सांग."

"काय सांगू? तुम्ही कच्चं तोडलंत?"

घरात आप्पांना असं कोणी सांगितलेलं नाही. मीही नाही.

तर रविवारी ते फळ डब्यात घालून आम्ही गेलो. रंग बऱ्यापैकी आला होता, हाताला मात्र घट्टच लागत होतं. आप्पांनी ओट्यावर बसून विळीवर उभं कापलं. आत पांढरा गर, काळ्या बारीक बिया. आई वाकून बघत म्हणाली, "दहीभातात तीळ सांडल्यागत दिसतंय."

सगळ्यांना एकेक फोड. मी प्रामाणिकपणे सांगते, काकडीचा शेवटचा भाग खाल्ल्यासारखं लागलं. भावजयीने न विचारताच मीठ-जिरेपूड आणून ठेवली.

"कोशिंबीर कर ह्याची," आई म्हणाली. "ल्हानपणी आम्ही निवडुंगाची बोंडं खायचो, ती बरी. तोंड तरी लाल व्हायचं."

आप्पांनी फोड सावकाश चावली, उरलेली ताटलीत ठेवली. "पाणी हाय."

भाऊ खाली बघत होता. मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात भावजय बोलली. ती आप्पांसमोर फारसं बोलत नाही.

"आप्पा, सीताफळ झाडावर ठेवलं तर फुटतं. मग हे झाडावर ठेवलं तर काय होतं?"

"मला काय ठावं? इचार त्याला."

"गोड होतं," भाऊ म्हणाला. "झाडावरच होतं. तोडलं की थांबतं."

आप्पा त्याच्याकडे बघत राहिले. "मंजी म्या तोडलं म्हणून."

उत्तर आईनेच दिलं. "व्हय, तुम्हीच तोडलंत. आता?"

"आता काय. एकच हुतं."

"दोन होती," मी म्हटलं. "दुसरं टायरच्या मागे आहे."

"मला कसं न्हाई दिसलं?"

"डोळ्यातलं पिकलंय, त्ये दिसंना," आई म्हणाली, "आन् फळ पिकलं का बघायला गच्चीवर चढला."

भाऊ हसला. आप्पा हसले नाहीत, पण मिठाची वाटी त्यांनी स्वतःच बाजूला सारली. मग म्हणाले, "ते कुणी तोडायचं न्हाई. मी येतो. झाडापाशी खुर्ची टाक, तिथंच खाईन. मिठाबिगर."

निघताना आईने विचारलं, कांद्याचं बी उद्या टाकायचं ना, वाफे तयार आहेत. बियाण्याची पिशवी खुंटीला होती. आप्पांनी पिशवीकडे बघितलं, मग मोकळ्या तुकड्याकडे.

"थांब जरा," म्हणाले.

भावजयीने पिशवी खुंटीवरून काढून वरच्या फळीवर ठेवली, अगदी मागे.

आता दुसरं फळ गुलाबी झालंय, देठाजवळ थोडं हिरवं आहे. आप्पांना आणायला भाऊ सुट्टीच्या दिवशी जाणार. बुलबुलाची जोडी कालपासून कठड्यावर येऊन बसते आहे. डाळिंबाच्या बागेवरची जुनी जाळी भावाने गावाहून आणली, ती मी धुऊन, हवी तेवढी कापून जिन्यात ठेवली आहे. माझा हात टायरच्या मागे पोचत नाही, काटे लागतात. भाऊ पाळीहून यायचा आहे. जाळी अजून बांधायची आहे.