उरलेल्या पालकाचा आकडा

पालेभाजीवाल्या मावशींच्या हृदयात धातूची झडप बसवली त्याला सहा वर्षं झाली. झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रोज संध्याकाळी एक गोळी. ती त्यांनी एकदाही चुकवली नव्हती. तरी दर महिन्याच्या तपासणीत आयएनआरचा, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा, आकडा माकडासारखा उड्या मारायचा. तो दोन ते तीनच्या मध्ये हवा. उतरला तर गुठळीची भीती, चढला तर रक्तस्रावाची. मावशींचा कधी दीड, कधी चार.

"गोळ्या चुकवता तुम्ही," डॉक्टरांनी निकाल दिला. "पुढच्या वेळी असंच झालं तर आठवडाभर दाखल व्हायचं."

मावशींना दवाखान्याची धास्ती नव्हती. धास्ती होती आठवडाभर ठेल्यावर नवरा उभा राहण्याची. गिऱ्हाइकानं नुसतं "ताजी आहे ना?" विचारलं तरी तो भला माणूस ओशाळून जुडी फुकट देई.

बाहेर पुढची तारीख लिहून देणाऱ्या नर्सबाईंपाशी त्या फणफणल्या, "एक गोळी चुकली असेल तर नाव बदलेन!"

"बरं, जेवता काय?"

"जे उरेल ते. गिऱ्हाईक फिरकलं नाही की चार दिवस पालकच पालक. माल खपला की घरात पानही नाही."

नर्सबाईंनी पेन खाली ठेवलं. "अहो मावशी, रक्त गोठवणारी प्रथिनं यकृत बनवतं, त्याला 'के' जीवनसत्त्व लागतं. गोळी त्यालाच आडवी येते. आणि पालकात ते ठासून भरलेलं! एकीकडे गोळी घेता, दुसरीकडे तिचे पाय ओढता. तेही बाजार ठरवेल तसे."

"म्हणजे पालक बंद?"

"बंद नाही. रोज तेवढाच."

दुसऱ्या दिवसापासून ठेला मांडायच्या आधी मावशी स्वतःच्या जेवणापुरती एक छोटी जुडी बाजूला काढू लागल्या. कुणी कितीही लाडीगोडी लावली तरी ती विकायची नाही; ढीगभर माल उरला तरी दुसरीला हात लावायचा नाही.

महिन्यानं आकडा आला दोन पूर्णांक चार. डॉक्टरांनी खात्री करायला कागदावरचं नाव पुन्हा वाचलं. मग सगळी हकिगत ऐकून म्हणाले, "दाखल व्हायची गरज नाही. पण उरलेला माल टाकून देता?"

"टाकायला पैसे वर आलेत?" मावशींनी शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे बोट दाखवलं. "हे आहेत की संपवायला. ह्यांच्या झडपा जन्मापासूनच्याच आहेत."

नवरा खुर्ची पुढे ओढून हळूच म्हणाला, "डॉक्टरसाहेब, ती गोळी मलाही चालू करता येईल का?"