वर्ग चांगला निघाला

कॉलेजातल्या त्या गुणपद्धतीची मला आजही किळस येते. मार्क आपले, पण श्रेणी ठरणार इतरांच्या मार्कांवरून, हे आम्हाला बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी कळलं. दादरच्या आमच्या कॉलेजात पेपर कितीही चांगला लिहा, 'ए' मिळणार तो वर्गातल्या वरच्या मूठभरांनाच. बाकीच्यांना खाली ढकलायचं. याला म्हणे कर्व्ह.

लालबागच्या आमच्या चाळीत असलं काही कुणाला ठाऊक नव्हतं. मंडळाच्या खोलीत ढोल-ताशे कोपऱ्यात सरकवून अभ्यासिका चालायची आणि तिथला रिवाज एकच, ज्याला समजलं त्याने फळ्यापाशी उभं राहायचं. आमच्या वेळी तिथे बहुतेकदा समोरच्या खोलीतली माझी मैत्रीण असायची. केमिस्ट्रीत 'ए' मिळाला तरच तिला एमएस्सी करता येणार होतं, नाहीतर घरचे नोकरीला लावणार होते. तरी तिथे जमणाऱ्या आमच्या अर्ध्या वर्गाला ती घसा बसेपर्यंत शिकवायची. करी रोडहून येणारा आमचा एक वर्गमित्र तर पुस्तक उघडायचाच नाही. तिचं ऐकायचा आणि चहा प्यायचा.

पाचव्या सेमिस्टरचा निकाल लागला. तिला अठ्ठ्याहत्तर, त्याला ऐंशी. 'ए' त्याच्यापाशी संपला; तिच्या हाती आता एकच सेमिस्टर उरलं. तो पेढे घेऊन खोलीत आला आणि पहिला तिलाच दिला. तिने तो खाल्लाही.

मी तिला सरांकडे घेऊन गेले. सर म्हणाले, "अगं, तुझे मार्क चांगलेच आहेत. पण या वेळी वर्गच चांगला निघाला ना, काय करणार?"

निघाला म्हणे! अर्ध्या वर्गाला हिने फळ्यापाशी उभं राहून घडवलं होतं आणि स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला होता. शिकवण्याचा पगार घेणारा माणूस मी हे सांगितल्यावर समजूतदारपणे हसत होता.

सहाव्या सेमिस्टरला ती खोलीत येई, पण भिंतीकडे तोंड करून बसे. एका संध्याकाळी त्याने विचारलं, "ए, हे रिअॅक्शनचं मेकॅनिझम सांग ना, डोक्यात घुसत नाहीये."

"मला पण नाही समजलं रे," ती म्हणाली.

सकाळीच जिन्यात मला थांबवून तिने सांगितलं होतं, की ते मेकॅनिझम एकदाचं जमलं. मी वहीचं पान उलटलं. तो पुस्तक चाळत बसला.

तिला 'ए' मिळाला. पेढे तिने वाटले नाहीत.