औक्षणाला सावधान

काल आमच्या इमारतीत ईशा मतं मागायला आली. ती कॉलेजातल्या विद्यार्थ्यांची पुढारी, शिवाय प्रादेशिक सेनेत. म्हणजे शिक्षण सांभाळून वर्षातले थोडे दिवस गणवेश घालणारी. नगरपालिकेची ही तिची पहिलीच निवडणूक. मालतीकाकूंनी दारात औक्षणाचं ताट धरलं, तशी ही टाचा जुळवून, नजर समोर रोखून सावधानमध्ये उभी! ठेंगण्या काकूंचा हात काही कपाळापर्यंत पोचेना.

"अगं, वाक की जरा! मतं हवीत ना?"

"भारीच ताठा आहे बाई," शेजारच्या वहिनी म्हणाल्या. ईशाचे कान लाल झाले. एवढ्यावरून अख्ख्या इमारतीची मतं जायची!

मला मात्र एकदम हुरूप आला. दारात कमरेत वाकणारे उमेदवार मी पुष्कळ पाहिलेत. निवडून आल्यावर ते ओळखही देत नाहीत. ही पोरगी पाणीपुरवठ्याच्या साहेबासमोरसुद्धा अशीच उभी राहील की!

"ईशा, विश्राम!" मी ओरडले.

तिचे पाय आपोआप फाकले, उंची चार बोटं उतरली आणि काकूंनी झटकन कुंकू टेकवलं. जिनाभर हशा पिकला. वहिनी पदर सावरत म्हणाल्या, "चल, आता आमच्याकडे. मीही ठेंगणीच आहे."