लाकडाची बंदूक

‘जीडी? तू?’

उस्तादानं माझा कागद वर धरला. सगळ्यांना दिसेल असा.

सेलूच्या बाहेर कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंग कारखान्यामागं मोकळं मैदान आहे. तिथं त्याची भरती अकॅडमी. तो फौजेतून हवालदार होऊन निवृत्त झालेला, घरची बागायती शेती, गावात वजन. आम्ही साठ-सत्तर पोट्टे सकाळी साडेपाचला तिथं हजर. त्याला सगळे उस्ताद म्हणायचो.

त्या दिवशी भरतीचे फॉर्म होते. कागदावर आपलं नाव, दहावीचे मार्क आणि फौजेत कुठं जायचं ते लिहून द्यायचं. उस्ताद ते लॅपटॉपवर भरणार. पासवर्डही त्याच्याच वहीत राहणार. मी लिहिलं होतं, जीडी. जनरल ड्युटी. म्हणजे लढणारा जवान. पायदळ, तोफखाना, रणगाडे, जिथं पाठवतील तिथं, पण हातात हत्यार.

‘तुह्या खानदानात बंदूक कोनी धरली बे?’

‘माह्या मोठेबाबानं. पंधरा वर्सं फौजेत होते.’

मोठेबाबा म्हणजे माझ्या बाबांचे मोठे भाऊ. लग्न केलं नाही, आमच्याच घरी राहायचे. गाव त्यांना फौजी म्हणायचं. आमच्या खोलीत त्यांचा फोटो होता. वर्दीत, ताठ, छातीशी बंदूक. तो फोटो बघत मी मोठा झालो.

उस्ताद हसला. मोठ्यानं नाही. मोठ्यानं हसला असता तर बरं झालं असतं.

‘त्याले मी वळखतो. एकाच छावनीत होतो आमी. बंदूक नोयती त्याच्या हाती. झाडू होता. सफाईवाला होता थो. घरी सांगतलं नाई वाटते?’

पोट्टे हसले. सगळे. मागच्या रांगेतून कुणीतरी झाडू मारल्याचा आवाज काढला.

मीही हसलो. हे लिहिताना हात अडतो. पण मी हसलो. सगळे हसत असताना एकट्यानं न हसायची हिंमत माझ्यात नव्हती.

त्यानं जीडीवर काट मारली. खाली लिहिलं, हाऊसकीपर. सफाईवाल्याचंच हे नवं नाव.

‘हे भर. तुमचा हात बसला हाय या कामाले. लवकर लागशीन.’

सोळाशे मीटर मी पाच मिनिटं दहा सेकंदांत पळायचो. बीमवर दहा पुलअप. मैदानावर माझ्यापुढं एकच जण, निलेश. तो आमच्याच बौद्ध वस्तीतला, लहानपणापासूनचा दोस्त. त्याच्याही कागदावर काट. वस्तीतल्या तिसऱ्या पोराच्याही. कुणबी-तेल्याची पोरं माझ्यामागं धापा टाकत यायची. त्यांचं जीडी जसंच्या तसं राहिलं.

‘जाय, चुना टाक,’ उस्ताद म्हणाला.

पळायच्या गोलावर चुन्याची रेघ मारायचं काम रोज आम्हा तिघांकडं असायचं. कुणी ठरवलं नव्हतं. तसंच चालत आलं होतं. त्या दिवशीही मी बादली उचलली आणि रेघ मारली. सरळ मारली.

केळझरच्या अलीकडं आमचं गाव. सायकल मारत घरी आलो. मोठेबाबा ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. माय चुलीपाशी. मी सायकलही टेकवली नाही, तशीच पाडली.

‘फोटोतली बंदूक कोनाची होती?’

त्यांनी वर पाहिलं. एकदाच. मग पुन्हा शेंगेकडं.

‘स्टुडिओवाल्याची,’ ते म्हणाले. ‘लाकडाची होती.’

‘पंधरा वर्सं झाडू मारला तुमी. अन् आमी गावभर सांगत फिरलो, आमचे मोठेबाबा फौजी.’

माय ओरडली, ‘तोंड सांभाळ!’

मी सांभाळलं नाही. आणखी बोललो. काय बोललो ते सगळं आठवतं. इथं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी भिंतीवर फोटो नव्हता. खिळा होता आणि चौकोनी पांढरा डाग.  

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला वावरात नेलं. बांधावर बसलो. त्यांनी आपल्या भरतीचं सांगितलं. कधी नाही ते, सलग.

‘नागपूरले भरती होती. पळलो मी. पयला आलो. टेबलावर बाबूनं जात इचारली. सांगतली. थो म्हणला, सफाईवाले में जगह है, लगेगा? मी म्हणलं, बंदूकवाल्यात नाई का? थो म्हणला, लेना है तो लो, पीछे लाइन है. मी घेतलं. तुह्या बाबाची शाळा होती, घरी काईच नोयतं.’

‘मंग फोटो?’

‘गावात सगळे इचारे, बंदूक कशी राह्यते. काय सांगू?’

 त्यांनी बांधावरच्या गवताची काडी तोडून दातात धरली.

‘एक सांगतो. कोनाले सांगतलं नाई आजवर. आमच्या पोस्टवर गोळे पडले. वर, पहाडावर. मी संडासाच्या टाकीपाशी होतो. एक जवान पडला होता, पोट फाटलं होतं. मले म्हणला, पानी. माह्या कमरेले बाटली होती.’

‘मंग?’

‘हात उठला नाई माहा.’

मला समजलं नाही. ते समजावून सांगू लागले, जसं मी लहान आहे.

‘महिनाभराआधी त्यानंच मले म्हणलं होतं, मटके को हाथ मत लगाना. थेच आठवलं. म्हणलं, दुसरं कोनी येते काय, त्याच्या हातानं पेयीन. इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं. कोनीच नाई आलं. मंग बाटली उघडली. तवापर्यंत संपलं होतं. डॉक्टर म्हणला, थो वाचनारच नोयता. डॉक्टरले काय मालूम, त्यानं पानी मांगतलं अन् मी इकडंतिकडं पाहून राह्यलो होतो.’

त्यांचा आवाज हलला नाही. तेच जास्त भयंकर होतं.

‘अजूनई मांगते थो. जेवाले बसलो का मांगते.’

घरी जेवताना ते ताटापुढं मधेच थांबायचे. घास हातात तसाच. माय म्हणायची, वय झालं. मला त्या दिवशी कळलं, वय नव्हतं ते.

मी विचारलं, ‘मी काय करू? जीडी भरू का नोको?’

‘लढाई काई चांगली चीज नाई बेटा. बंदूक बी नाई. पन जाचं असन त तूच ठरव कुठं जाचं. दुसऱ्याच्या हातानं लिहू देजो नोको. मी लिहू देल्लं.’

माफी तिथंच मागायला हवी होती. मी त्यांच्या पायाला लागलेली माती बघत बसलो. म्हटलं, सावकाश मागू.

शेवटच्या तारखेला मी मैदानावर गेलो. उस्तादानं नेहमीसारखी बोटानं बादली दाखवली. निलेश उचलायला वाकला. मी म्हटलं, ‘ठेव.’

निलेशनं माझ्याकडं पाहिलं. मग उस्तादाकडं.

‘काय झालं बे?’ उस्ताद.

‘चुना आज दुसरं कोनी टाकन. अन् माहा पासवर्ड द्या.’

‘फॉर्म भरला म्यां.’

‘भरला असन त पाहीन. पासवर्ड द्या.’

पळणारी पोरं थांबून बघू लागली.  

‘तुह्या भल्यासाठी केलं,’ तो हळू म्हणाला. आवाज जवळजवळ मायेचा. ‘जीडीत तुले कोनी उभं नाई करनार. रिकाम्या हातानं येशीन, मंग माह्यापाशी येऊ नको.’

‘नाई येनार.’

त्यानं वहीचं पान फाडून माझ्या अंगावर टाकलं. ‘मंग ग्राउंडावर पाय ठेवू नको.’

कागद खाली पडला होता. वाकून उचलला. निलेशला म्हटलं, ‘चाल.’ तो आला नाही. तो हळूच म्हणाला, ‘माह्या घरी बहीन लग्नाले आली हाय. मले लागनं जरूरी हाय. तू जाय.’ आणि त्यानं बादली उचलली.

सेलूच्या स्टँडजवळच्या नेट कॅफेत बसलो. फॉर्म भरलेला होता, पण पाठवलेला नव्हता. शेवटचं बटण तेवढं राहिलं होतं. हाऊसकीपर खोडलं, जीडी केलं. बटण दाबलं. कॅफेवाल्यानं विचारलं, ‘झालं का?’ मी पैसे ठेवले आणि उठलो.

पुढचे महिने बोर धरणाच्या कालव्याच्या रस्त्यावर एकटाच पळलो. मोठेबाबा पुलावर उभे राहायचे, हातात बाबांचं जुनं घड्याळ. आकडा सांगायचे, बाकी काही नाही.  आमच्यात ते न बोललेलं तसंच राहिलं.

लेखी परीक्षा पास झालो. मैदानी चाचणीही. मेडिकल झालं. शेवटी टेबलावर एका साहेबानं विचारलं, ‘कहाँ जाना चाहोगे? तोफखाना, पैदल, सिग्नल?’

‘पैदल, साब.’

‘क्यों? सब तो सिग्नल माँगते हैं.’

‘वहाँ राइफल अपने हाथ में रहती है, साब.’

त्यानं माझ्याकडं जरा निरखून पाहिलं. ‘लिख देता हूँ. मिलेगा वही जहाँ ज़रूरत होगी.’

गरज पायदळात होती. मिळालं. निलेशही लागला. हाऊसकीपर.

प्रशिक्षणाच्या सातव्या आठवड्यात बाबांचा फोन आला. मोठेबाबा गेले. छातीत कफ होता, दोन दिवसांत गेले. मी पोचलो तेव्हा राख गार झाली होती. मायनं सांगितलं, शेवटपर्यंत विचारत होते, त्याले काय भेटलं? ‘पायदळ’ म्हटलं की गप्प व्हायचे. थोड्या वेळानं पुन्हा विचारायचे.

माफी राहिली ती राहिली. आता मी पहाडावर असतो. पहाटे धुकं इतकं दाट की आपलाच हात दिसत नाही. अशा वेळी कधी कधी स्पष्ट ऐकू येतं, पानी. मी त्या जवानाला पाहिलेलं नाही. तरी ऐकू येतं. आमच्या पलटणीत कुणी मला मटक्याला हात लावू नको म्हटलेलं नाही. तरीही पहिल्यांदा दुसऱ्याला बाटली देताना माझा हात क्षणभर थांबला. मला कुणीच अडवलं नव्हतं. ते थांबणं माझ्या हातात आधीच येऊन बसलं होतं.

पहिल्या सुट्टीवर आलो तेव्हा अकॅडमीसमोर बॅनर लागला होता. माझा आणि निलेशचा फोटो. ‘आमचे वीर’. निलेशला सुट्टी नव्हती. उस्तादानं घरी माणूस पाठवला, सत्काराला या म्हणून. बाबा म्हणाले, जाऊ नको. मी गेलो.

शाल घेऊन तो पुढं आला. मी हात जोडले, शाल घेतली नाही. माईक मागितला.

‘माह्या मोठेबाबाचा फौजेतला ट्रेड सफाईवाला होता. त्यायची लाज मले एक दिवस वाटली. थो दिवस याच मैदानावरचा. आमच्या वस्तीच्या तिघायचे फॉर्म इथं जात पाहून बदलले. पळनं पाहून नाई. मी माहा परत बदलला. म्हनून पायदळात आहो. या बॅनरवरचं माहं नाव काढा.’

टाळ्या नाहीत. उस्ताद माईकची वायर गुंडाळत राहिला. माझ्याकडं पाहिलंच नाही.

फाटकाशी निलेशचे बाबा उभे होते. इस्त्रीचा सदरा घालून आले होते, पोराचा सत्कार पाहायला. निलेशनं घरी सांगितलं होतं, तोफखान्यात आहे. त्याच्या बहिणीचं लग्न त्याच शब्दावर जमलं होतं.

‘तू नाव नाई घेतलं,’ ते म्हणाले. ‘पन तिघं कोन ते सगळ्यायले मालूम आहे. माह्या पोराले फौजी राहू देल्लं असतं त तुहं काय गेलं असतं, बापा?’

 उस्तादानं माझ्या घराचं जे केलं तेच मी त्यांच्या घराचं केलं होतं, भर मैदानात, साठ पोरांपुढं. ते गेले. पाठीवर सदऱ्याची घडी दिसत होती, इस्त्रीची, अजून तशीच.

बहिणीचं लग्न मोडलं नाही. पण निलेश माझा फोन उचलत नाही.

मी दर रविवारी लावतो. तो उचलेल तेव्हा माफी मागणार आहे. या वेळी सावकाश म्हणणार नाही. त्याचं गुपित उघडं करायचा हक्क मला नव्हता. पण मैदानावर जे झालं ते सांगितल्याची माफी मागणार नाही. झाडू मारण्यात लाज नाही. पहिल्या आलेल्या पोराच्या हाती जात विचारून झाडू देणाऱ्याला लाज पाहिजे. ती लाज मोठेबाबांनी वाहिली, निलेश वाहतो आहे. ज्याची आहे त्याच्याकडं ती मी परत नेऊन टाकणार.

अग्निवीराची नोकरी चार वर्षांची; त्यानंतर मला ठेवतील की घरी पाठवतील, माहीत नाही. पुढच्या भरतीचे फॉर्म निघाले की मी सुट्टी टाकणार. नाही मिळाली तर फोनवर बसणार. वस्तीतलं एकेक पोरगं, एकेक पोरगी आपला फॉर्म स्वतःच्या हातानं भरेल. कुणाला स्वयंपाकी व्हायचं असेल तर तेही त्यानंच लिहावं. मी फक्त बाजूला बसेन. आणि कुणी दुसऱ्यानं त्या कागदाला हात घातला, तर त्याचा हात धरीन.