एक जूनची मीन रास

लिहायला बसलो आहे, पण हा माझा अधिकार नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पेन धरलेलं नाही, आणि ज्योतिषातलं तर मला काहीच कळत नाही. चूकभूल माफ करावी.

कॉलेजात असताना आम्ही चौघं औरंगपुऱ्यात एका काकांच्या माडीवर भाड्यानं राहत होतो. चौघंही खेड्यातले. मी लासूर स्टेशनकडच्या मेंढपाळाचा. वार्षिक परीक्षा जवळ आली आणि त्यातच सूर्यग्रहण आलं. काकांच्या सुनेचे दिवस भरत आले होते, म्हणून त्यांनी आमच्या जन्मतारखा मागितल्या. चौघांनीही एक जून सांगितली. सालही एकच.

काकांनी चष्मा पुसला. "चौघं एकाच दिवशी?"

मग पंचांग काढून त्यांनी बराच वेळ बोटं मोजली. आमची रास मीन निघाली. ग्रहण कुंभेत, म्हणजे मीनेला बारावं. अनिष्ट.

"खाली गरोदर सून, आणि तिच्या डोक्यावर चार-चार अनिष्ट! ग्रहणाआधी खोली खाली करा."

परीक्षेच्या तोंडावर दुसरी खोली मिळणार नव्हती. गावी परतलो असतो, तर पुन्हा कॉलेजचं तोंड दिसलं नसतं. म्हणून मी खरं ते सांगून टाकलं.

"काका, ती तारीख आमची नाही. शाळेत नाव घालताना बापाला तारीख आठवत नसली, की गुरुजी एक जून लिहितात."

"अस्सं! मग नाव तरी तुझंच आहे ना?"

"नाव आईनं ठेवलंय."

"तिलाच विचार मग. खरी वेळ आणा, मग बघू."

त्याच संध्याकाळी बाकी तिघांनी काकांचंच पंचांग मागून आणलं. ग्रहण चार राशींना शुभ होतं. एकानं मेष घेतली, एकानं वृषभ, तिसऱ्यानं धनू.

"तुझ्यासाठी कन्या ठिवलीय," मेषवाला म्हणाला. "लई चांगली हाय. घे गप."

मला धीर झाला नाही. मी आईला विचारायचं ठरवलं. घरी वाचणारं कोणी नाही, म्हणून स्टेशनवरच्या दुकानदाराच्या पत्त्यावर कार्ड टाकलं. वडील बाजाराला आले की तो त्यांना वाचून दाखवी. पण वडील मेंढरं घेऊन लांब चारणीला गेले होते. उत्तर आलंच नाही.

तिघं शुभ ठरले. माझ्यासाठी काकांनी तोड काढली, "ग्रहण सुटेपर्यंत तू घराबाहेर. सून सुखरूप बाळंत झाली, तर परीक्षेपर्यंत राहा. नाहीतर वळकटी उचल."

ग्रहणाच्या दुपारी औरंगपुऱ्यात चिटपाखरू नव्हतं. मी समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर अर्थशास्त्राचं पुस्तक घेऊन बसलो. थोड्या थोड्या वेळानं काका खिडकीची फट उघडून विचारत, "आहेस ना बाहेर?"

"आहे, काका."

गल्लीच्या टोकाला एकच हॉटेल उघडं होतं. मालक म्हणाला, "क्या मियाँ, घर से निकाल दिये क्या?"

"गिरहन छूटने तक," मी म्हणालो.

"तो तब तक चाय पियो."

मी दोन चहा प्यालो, भजीही खाल्ली. घरात तिन्ही शुभ राशी सकाळपासून उपाशी होत्या. काकांना हे मी अजून सांगितलेलं नाही.

आठवड्याभरानं सुनेला मुलगा झाला. काकांनी स्वतःच्या हातानं मला पेढा भरवला. "तू बाहेर बसलास म्हणून झालं हे. राहा आता परीक्षेपर्यंत. शब्द दिला."

मी पेढा गिळत होतो, तेवढ्यात दारात वडील उभे. खांद्यावर घोंगडी, हातात माझं कार्ड.

"आईला इचारलं रे तुझ्या जन्माचं," ते तिथूनच म्हणाले. मेंढरांना हाका घालून त्यांचा आवाज तसाच चढा राहिला आहे.

"आत या, दादा," मी घाईनं म्हणालो. "मग सांगा."

"मग कशाला? तुझ्या आईला समदं ध्यानात हाय. सकाळच्या पारी ऊन एकदम फिकं पडलं, मेंढरं जागच्या जागी बसली. गिराण लागलं व्हतं. त्याच टायमाला तू झालास. तिनं सोताच इळ्यानं नाळ कापली."

काकांचा पेढ्याचा हात तसाच राहिला. आत पाळण्याची कुरकुर ऐकू येत होती. त्यांनी हळूच विचारलं, "आणि... आई? तिला काही झालं नाही?"

"तिला काय व्हतंय? दुसऱ्या दिशी मेंढरामागं व्हती की."