शेवंताचा ओटा, दाराकडं तोंड करून

आधी शिरली ती रेश्मा, माझ्या नातीची मैत्रीण. नात मुग्धा मागं रिक्षावाल्याशी भांडत होती. दोघी कॉलेजात डिझाइन शिकतात, म्हणजे रोजच्या वापरातल्या वस्तू कशा असाव्यात ते. आमच्या रोह्याच्या घरात रेश्मा थेट ओट्यापाशी गेली. "आजी, हा एवढा उंच का?"

"गवंड्यानं माप आमच्या ह्यांचं घेतलं ना! रांधणार मी, उभे राहिले हे!"

पोरी हसून हसून लोळल्या. ओटे आले, बायका जमिनीवरून उठल्या, तो इतिहास शिकतात म्हणे. त्यांना जुनी, खालची चूल बघायची होती. ती माझ्या धाकट्या बहिणीकडं, शेवंताकडं, जोह्याला. मला काय, माहेरचं निमित्तच हवं होतं.

सकाळची एसटी धरली. नागोठण्यावरून पेण. बायकांना अर्धं तिकीट, तेव्हा तुम्हीपण जा गो! खड्डे फार, कमरेमागं चादर घ्या. पेणला वडापाव खाल्ला, पोह्याचे पापड घेतले, मग जोह्याची गाडी.

शेवंताची चूल गार. गुडघे वाकत नाहीत, शेजारणीच्या डब्यावर जेवते. लेक कंपनीत शिफ्टला जातो, ओटा बांधून देतो म्हणतो, तर हीच नको म्हणते.

"का गो?"

"भिंतीकडं तोंड करून रांधू? मानसांनी माज्या पाठीशी बोलायचं? तुज्यापाशी बसतं का कोन?"

आई भाकऱ्या थापायची तेव्हा आम्ही दोघी चुलीभोवती, पहिल्या भाकरीवरून भांडत. ओटा आल्यापासून माझ्यापाशी खरंच कुणी बसलं नाही.

दुपारी ती गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला निघाली, आम्हीही मागोमाग. स्टुलावर बसलेली, मूर्ती पुढ्यात फळीवर, समोर बायका, गप्पांना ऊत.

"आजी, इथं गुडघे दुखतात?" रेश्मानं शेवंताला विचारलं.

"हितं नाय."

रेश्मानं टेप काढली, स्टूल मोजलं, फळी मोजली. "मग ओटा एवढाच. बसून रांधायचं, दाराकडं तोंड करून."

शेवंताचा कुंचला थांबला. "आनि म्होरं बसायला जागा?"

"दोघींची ठेवू."

"मग सांग माज्या पोराला," म्हणाली, आणि माझ्याकडं बघून हसली, लहानपणी हसायची तश्शी.

रोह्याला आल्यापासून भाकरी थापताना मान सारखी मागं वळते. ओटा दिवाळीपर्यंत होईल म्हणतो शेवंताचा लेक. पोरींनी माझ्याबरोबर जोह्याला यायचा शब्द दिलाय, तुळशीच्या लग्नाच्या दिवशी.